एका तिकिटात वझेबुवांची दोन नाटकं : ठाण्यात जोडप्रयोग उभा करताना

‘परवशता पाश दैवे’ कुठल्या नाटकातलं, असं ठाण्याच्या तलावपाळीवर चार गाणाऱ्यांना विचारा. तिघं ‘रणदुंदुभी’ असं बरोबर सांगतील. मग विचारा, ते नाटक रंगमंचावर पाहिलंय का? तिथे सगळे गप्प. ‘रणदुंदुभी’ (१९२७) आणि ‘संन्यस्त खड्ग’ (१९३१) या दोन नाटकांचं हेच झालं आहे. त्यांतली पदं मैफलीत, स्पर्धेत, गणपतीच्या मांडवात अजून म्हटली जातात. नाटकं मात्र कपाटात. दोन्हींना चाली पंडित रामकृष्णबुवा वझे यांच्या, दोन्ही बळवंत संगीत मंडळीने रंगमंचावर आणली आणि दोन्हींत गाऊन गेले मास्टर दीनानाथ मंगेशकर.

आमच्या हौशी मंडळाने ही दोन नाटकं एकाच संध्याकाळी करायचं ठरवलं तेव्हा निम्म्या लोकांनी सुचवलं, ‘त्यापेक्षा नाट्यगीतांचा कार्यक्रम करा, निवेदक घ्या, दोन तासांत मोकळे.’ तो कार्यक्रम कुणीही करतं. या लेखात त्याचं काही नाही. पद ज्या प्रसंगातून उगवलं त्या प्रसंगात ते परत कसं नेऊन ठेवायचं, याचीच ही सगळी खटपट आहे.

आधी जोडी

दोन नाटकं एकाच्याच चालींची आहेत एवढ्यावर जोडी जमत नाही. वझेबुवा ग्वाल्हेर घराण्याचे, निसार हुसेन खाँ यांचे शिष्य. गाणं जोरकस, ताना आक्रमक, अनवट रागांची आवड दांडगी. सलग दोन नाटकं याच तब्येतीची झाली तर प्रेक्षक मध्यंतरानंतर थकतो, आणि गाणाऱ्याचा गळा तर त्याच्याही आधी. म्हणून जोडी ठरवताना पदांची यादी शेजारी शेजारी लिहा : कुठलं चढं, कुठलं करुण, कुठलं निव्वळ गमतीचं. ‘दिव्य स्वातंत्र्य रवि’ आणि ‘परवशता पाश दैवे’ यांचा आवेश एकीकडे. ‘मर्मबंधातली ठेव ही’ आणि ‘शतजन्म शोधितांना’ यांची हुरहुर दुसरीकडे. ‘जगी हा खास वेड्यांचा’ हे तर जगाकडे बघून हसणारं पद. या दोन नाटकांत एवढी विविधता निघते, म्हणून जोडी टिकते.

क्रमाबद्दल आमच्यात दोन तट पडले होते. मी कालक्रमाच्या बाजूने होतो : आधी १९२७, मग १९३१. कारण इतिहासाचं नव्हतं. ‘रणदुंदुभी’ पारतंत्र्याची चीड पेटवतं, आणि ‘संन्यस्त खड्ग’ पुढचा अवघड प्रश्न विचारतं : शस्त्र उचलावं की ठेवावं? आधी चीड आणि मग प्रश्न, असं झालं की प्रेक्षक वाद घालत घरी जातो. उलट क्रमाने लावलं तर वाद ऐकून झाल्यावर रणशिंग वाजतं आणि वाद विसरला जातो.

एका तिकिटात दोन नाटकं हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. एकोणिसाव्या शतकात पौराणिक नाटक संपलं की मागून फार्स व्हायचा, आणि लोक त्यासाठी थांबायचे.

हक्कांचं गणित

हे काम कंटाळवाणं आहे, पण तालमीच्या आधी उरका. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतात. शब्द आणि संगीत यांचे हक्क वेगवेगळे मोजायचे. वझेबुवांना जाऊन साठ वर्षांहून कितीतरी अधिक काळ लोटला, त्यामुळे चालींचा प्रश्न नाही. ‘रणदुंदुभी’चे लेखक वीर वामनराव जोशी १९५६ साली गेले, म्हणजे तेही मोकळं. ‘संन्यस्त खड्ग’ सावरकरांचं. त्यांचं निधन २६ फेब्रुवारी १९६६ चं, म्हणजे हक्क ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत. त्याआधी प्रयोग करणार असाल तर हक्कदारांची लेखी परवानगी घ्या, आणि त्या पत्रात ‘संहितेत काटछाट करण्यास हरकत नाही’ हे वाक्य आवर्जून मागा. नुसत्या ‘प्रयोगास परवानगी’त काटछाट येत नाही.

हौशी मंडळाने बिनतिकीट प्रेक्षकांसमोर प्रयोग केला तर कायद्यात सवलत आहे. पण आपण तिकीट लावणार. तिकीट ५०० रुपयांपर्यंत ठेवलं तर नाटकाला जीएसटी लागत नाही, हेही खजिनदाराच्या कानावर घालून ठेवा.

एक गोष्ट बहुतेक मंडळं विसरतात : नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र. नाटक नव्वदहून अधिक वर्षांपूर्वीचं आहे, सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कुणी विचारणार नाही असं समजू नका. तुमची संपादित संहिता म्हणजे नवी संहिता. ती स्वच्छ टाइप करून आधी पाठवा, कारण नाट्यगृहाच्या खिडकीवर तेच कागद मागितले जातात.

पुस्तक हाती आल्यावर

‘संन्यस्त खड्ग’ सावरकरांच्या समग्र वाङ्मयात मिळतं. ‘रणदुंदुभी’साठी ठाणेकरांना फार लांब जायला नको, १८९३ साली स्थापन झालेलं मराठी ग्रंथ संग्रहालय आपल्याच गावात आहे. जुनी आवृत्ती हाती आली तर तिचा फोटो काढू द्या अशी विनंती करा, झेरॉक्सचा हट्ट धरू नका. पिवळी पानं मशीनखाली दाबली की शिवण सुटते.

जुन्या संगीत नाटकाच्या पुस्तकात प्रत्येक पदावर एक बारीक ओळ असते : राग, ताल, आणि कधी कधी ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच एखाद्या चीजेचे पहिले शब्द. या ओळीवर सगळं अवलंबून आहे, पण ती संपूर्ण चाल सांगत नाही. एखाद्या बंदिशीचे दोन शब्द लिहून ठेवलेत, कारण त्या काळी नाटक कंपनीतल्या प्रत्येकाला ती बंदिश पाठ होती. आज ती तुमच्या गावात एकाच माणसाला येत असेल, आणि तो माणूस ऐंशीचा असेल. त्याच्याकडे आधी जा. बाकीचं थांबू शकतं.

चाली कशा गोळा करायच्या

पदांच्या तीन याद्या करा. पहिली, ज्यांची जुनी ध्वनिमुद्रिका मिळते. दुसरी, ज्यांची मुद्रिका नाही पण कुणाच्या तरी गळ्यात आहेत. तिसरी, जिथे पुस्तकातल्या राग-तालापलीकडे काहीच हाती नाही.

पहिली यादी सोपी वाटते आणि सगळ्यात जास्त फसवते. दीनानाथांच्या मुद्रिका ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरच्या. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. त्यामुळे गायकाने तेवढ्यात पद, आलाप, ताना सगळं कोंबलं आहे. रंगमंचावर हेच पद किती तरी मोकळं वाजत असणार. तबकडी ऐकून हुबेहूब उतरवलेलं पद प्रसंगात ठेवलं की घाईघाईचं वाटतं. आमच्या एका मुलीने दीनानाथांची प्रत्येक हरकत उचलली होती. टाळ्या पडल्या असत्या, शंकाच नाही. पण ‘संन्यस्त खड्ग’ची नायिका सुलोचना बोलतेय असं एकदाही वाटलं नाही. मग आमच्या तबलजींनी तिला सांगितलं, ‘ताई, पहिल्या ओळीत एकही तान नको. आधी आम्हाला कळू दे तू कुणाशी बोलतेयस.’ पटदीप रागातली ‘मर्मबंधातली ठेव ही’ तशी ऐकल्यावर मागच्या खुर्चीवर चहा पिणारे थांबले.

म्हणून तबकडीवरून मुखडा, अंतऱ्याचा आराखडा आणि लय घ्यायची. ताना नाटकातल्या माणसाला साजतील अशा आपल्या बसवायच्या. दीनानाथांची नक्कल करून गाणारे पुष्कळ झाले, त्यात आणखी एक भर नको.

दुसऱ्या यादीसाठी फोनवर गाऊन घेऊ नका. घरी जा, पेटी बरोबर घेऊन जा, दोन रेकॉर्डर लावा. एक मोबाईल हमखास मध्येच फोन आल्याने बंद पडतो. आणि गाणाऱ्या आजोबांना ‘पद म्हणा’ एवढंच सांगू नका. त्याच्या आधीचं वाक्य तुम्ही वाचून दाखवा, मग त्यांना उचलू द्या. ते शब्द कुठून उचलतात, कुठे सम धरतात, हे तेव्हाच कळतं. लगेच त्याच दिवशी स्वरलिपी लिहा. भातखंडे पद्धतीने लिहा किंवा पलुस्करांच्या; फक्त सगळ्या वहीत एकच पद्धत ठेवा.

तिसऱ्या यादीत माझं मत जरा कडवं आहे. त्या रागात, त्या तालात नवी चाल बांधून ‘वझेबुवांची चाल’ म्हणून खपवू नका. एखादं पद कथेसाठी अडतच असेल तर ते ठाय, म्हणजे संथ लयीत, जवळपास साकीसारखं, साधं म्हणा आणि पत्रिकेत ‘चाल आमच्या मंडळाची’ असं छापा. बाकीची गाळा किंवा गद्यात म्हणा. गाळलेल्या पदांबद्दल आजवर एकाही प्रेक्षकाने तक्रार केलेली नाही.

कात्री

दोन पूर्ण नाटकं एका सत्रात बसणार नाहीत, हे उघड आहे. आम्ही घड्याळ लावून ‘रणदुंदुभी’ नुसतं वाचायला बसलो तर एका बैठकीत संपलं नाही. प्रत्येकी दीड तास हे उद्दिष्ट धरा. आठ पदं, प्रत्येकी सरासरी पाच मिनिटं म्हणजे ४० मिनिटं. उरली ५० मिनिटं गद्याला. दोन्ही मिळून तीन तास, वीस मिनिटांचं मध्यंतर, म्हणजे ३ तास २० मिनिटं. पालिकेच्या नाट्यगृहाचं सत्र किती तासांचं आणि त्यात तुमची मांडणी-आवराआवर धरली आहे का, हे बुकिंगच्या आधी तिथेच विचारा.

आता कापायचं काय? सगळ्यांचा हात पहिल्यांदा लांब भाषणांकडे जातो, आणि तिथेच घोटाळा होतो. पदाच्या आधीची तीन-चार वाक्यं कापली की पात्र एकदम उभं राहून गायला लागतं. मग प्रेक्षक हसतात, आणि त्यांचं चुकत नाही. आमचा नियम साधा होता : लाल पेन्सिलने आधी प्रत्येक पदाभोवती चौकट आखायची, पदाच्या वरची सहा आणि खालची चार वाक्यं त्या चौकटीत घ्यायची, आणि चौकटीला कुणी हात लावायचा नाही. काटछाट फक्त चौकटींच्या मधल्या जागेत. उपकथानकं जातील, निरोप्यांचे प्रवेश जातील, दरबारातले एकच गोष्ट सांगणारे तीन प्रधान एका प्रधानात मावतील. काही सुंदर विनोद जातील; मला त्यातला एक अजून आठवतो आणि वाईट वाटतं.

‘संन्यस्त खड्ग’च्या बाबतीत एक सावधगिरी. या नाटकाचा कणा म्हणजे बुद्ध आणि शाक्यांचा सेनापती विक्रमसिंह यांच्यातला अहिंसेवरचा वाद. विक्रमसिंह खड्ग ठेवून संन्यास घेतो आणि पुढे राज्यावर आक्रमण आल्यावर तेच खड्ग पुन्हा हाती घ्यायचा प्रसंग येतो. नाटककाराचा कल कुणीकडे आहे हे लपलेलं नाही. पण काटछाट करताना बुद्धाची वाक्यं आधी गेली तर वाद उरत नाही, फक्त घोषणा उरते. ठाण्यात, नवी मुंबईत बुद्धाला मानणारे हजारो लोक आहेत आणि त्यांतले काही तुमच्या प्रेक्षकांत असू शकतात, हा मुद्दा आहेच. पण निव्वळ नाटक म्हणूनही, प्रतिपक्ष दुबळा असेल तर विक्रमसिंहाच्या निर्णयाला वजन येत नाही. आम्ही मंडळातला सगळ्यात शांत, धिम्या आवाजाचा नट बुद्धाला दिला आणि त्याचं एकही वाक्य कापलं नाही.

नांदी एकच ठेवा, पहिल्या नाटकाच्या आधी. दुसरं नाटक थेट सुरू होऊ दे. भरतवाक्य मात्र दुसऱ्याच्या शेवटी. संध्याकाळ एकसंध वाटते.

सूर आणि माणसं

मुख्य गायक-नट दोन्ही नाटकांत एकच नको, मग तो कितीही उत्साही असो. बाकीची पात्रं अदलाबदल करून वापरता येतात, आणि पहिल्या नाटकातला प्रधान दुसऱ्यात भिक्षू म्हणून आला की प्रेक्षकांनाही गंमत वाटते.

त्या काळी स्त्रीभूमिका पुरुष करत आणि त्यांचा सूर चढा असे. आज सुलोचनेचं काम मुलगी करते आणि तिचा सूर काळी चारचा (पेटीची चौथी काळी पट्टी) असेल, तर तिच्याशी बोलणारा तिचा नवरा वल्लभ काळी एकचा. एकाच प्रवेशात सूर बदलतो. त्यासाठी ऑर्गनवाल्याला मधल्या गद्यात नव्या सुराची हळू चाहूल द्यायला शिकवावं लागतं, आणि तबलजीला दोन तबले लावून ठेवावे लागतात. पायपेटीचा ऑर्गन मिळाला तर सोनंच. फक्त त्याच्या पट्ट्या आजच्या तानपुरा-यंत्राशी जुळतात का हे आधी तपासा. जुने ऑर्गन बरेचदा थोडे वेगळ्या सुराला असतात, आणि ते जुळवायला माणूस मिळायला दोन आठवडे जातात. वाहतुकीला टेम्पो आणि तीन दणकट माणसं. इमारतीच्या लिफ्टमध्ये तो बसत नाही, हे आम्हाला सातव्या मजल्यावर कळलं.

तालमी

साधारण चार महिने. पहिला महिना निव्वळ पदांचा, साथीदारांसकट. दुसऱ्यात निव्वळ गद्य, आणि इथे गाणाऱ्यांनी एक अक्षर गायचं नाही. पद आलं की ते शब्द बोलून दाखवायचे. ही तालीम गायकांना अजिबात आवडत नाही. ‘दिव्य स्वातंत्र्य रवि’ बोलून दाखवताना आमचा नट तीनदा अडला आणि त्याला पहिल्यांदा कळलं की त्याला अर्थ येत नव्हता. तिसऱ्या महिन्यात दोन्ही जोडायचं. चौथ्यात फक्त सांधे : गद्यातून पदात, पदातून गद्यात. पद संपल्यावर समोरच्या पात्राने काय करायचं? बहुतेक जण गाणाऱ्याकडे कौतुकाने बघत उभे राहतात. त्यांना काहीतरी काम द्या.

नाट्यगृह, रविवार आणि लोकल

ठाण्यात गडकरी रंगायतन किंवा डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, वाशीला विष्णुदास भावे. गडकरी स्टेशनपासून चालत. घाणेकरला रिक्षा-बस लागते पण वाहन लावायला बरं. संगीत नाटकाचा प्रेक्षक साठीच्या पुढचा आहे, त्याला जिना आणि स्टेशन या दोन गोष्टी महत्त्वाच्या. त्यामुळे माझं मत गडकरीच्या बाजूला, आणि दुपारच्या प्रयोगाच्या बाजूला. रात्री साडेआठला सुरू केलं तर संपेपर्यंत बारा वाजतात. डोंबिवली-कल्याणचा माणूस तुमच्या भरतवाक्यापेक्षा शेवटच्या गाडीचा विचार करतो. वाशीला तर ट्रान्सहार्बरवरून परतणाऱ्या ठाणेकरांचं निम्मं लक्ष घड्याळाकडे.

रविवार दुपार म्हणजे मेगाब्लॉक. शनिवारी रेल्वेची घोषणा बघून साथीदारांना सकाळच्याच गाडीने बोलावून घ्या आणि जेवण मंडळाकडे ठेवा. पिठलं-भाकरी चालेल, दही, ताक, लोणचं गाणाऱ्यांच्या पानात नको.

मांडणीला रंगवलेले पडदे सुंदर दिसतात पण मध्यंतराच्या वीस मिनिटांत बदलायला माणसं लागतात. आम्ही एकच पायऱ्यांचं व्यासपीठ ठेवलं आणि मागची झालर बदलली. कॉलर माईक गाणाऱ्यांना लावाच, पण तान घेताना मान वळली की आवाज पडतो, हे तालमीत माईक लावून बघा. खड्ग म्यानातून काढताना त्याची मूठ माईकवर आपटून सगळं सभागृह दचकलं होतं. तेव्हापासून वल्लभाचा माईक उजव्याऐवजी डाव्या बाजूला.

पूर्वी नाट्यगृहात पदांची पुस्तिका विकत मिळायची. ती छापा. दहा-वीस रुपये ठेवा. लोक घेतात, आणि अंधारात मोबाईलच्या उजेडात वाचू नका अशी सूचना पहिल्या पानावर घाला.

आणि वन्समोर

हे आधी ठरवलं नाही तर सगळं गणित कोसळतं. सोळा पदं, प्रत्येकाला एक वन्समोर, प्रत्येकी तीन मिनिटं : ४८ मिनिटं गेली. आमचं ठरलं होतं की प्रत्येक नाटकात दोनच, आणि तेही ऑर्गनवाल्याने ठरवायचे. गाणाऱ्याने प्रेक्षकांकडे बघायचं नाही, त्याच्याकडे बघायचं. वन्समोर घेतला तर पूर्ण पद नाही, अंतऱ्यापासून पुढे. आणि ‘मर्मबंधातली’ला वन्समोर नाहीच, कितीही ओरडले तरी, कारण त्या पदानंतर सुलोचनेला जी शांतता लागते ती दुसऱ्यांदा मिळत नाही.

लोक खरंच ओरडले. बाल्कनीतून दोनदा. ऑर्गनवाल्याने मान हलवली, मुलगी तशीच उभी राहिली, आणि पुढचं वाक्य बोलली.